आमच्या कॉलेज लायब्ररीचं ओपॅक, एन-लिस्ट आणि शोधगंगा: दीड वर्ष वापरल्यानंतर

१९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी या विषयावर पीएचडी करतेय, दीड वर्ष झालं, त्यामुळे ही तिन्ही सर्च रोजच्या वापरातली आहेत. कॉलेज तालुक्याच्या गावातलं, अनुदानित. नाव लिहीत नाही.

आधी ओपॅक, म्हणजे लायब्ररीतली पुस्तकं कॉम्प्युटरवर शोधायची यादी. आमच्याकडे कोहा आहे, न्यूझीलंडमधल्या एका लहानशा लायब्ररीसाठी बनलेलं आणि आता जगभर फुकट वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ते उत्तम आहे. पण पहिल्याच आठवड्यात मी सर्चमध्ये देवनागरीत "दुष्काळ" टाकलं आणि शून्य रिझल्ट. मी दोन महिने हेच धरून चालले की आपल्या लायब्ररीत या विषयावर काही नाही, आणि पुस्तकांसाठी एसटीने जिल्ह्याच्या गावाला खेपा घातल्या. मग एक दिवस दुसरंच पुस्तक काढायला स्टॅकमध्ये गेले तर समोर अख्खा कप्पा दुष्काळाचा! खरंच डोळ्यांत पाणी आलं.

झालं असं होतं की मराठी पुस्तकांची नावं एंट्री करताना रोमनमध्ये टाइप केलेली, आणि तीही ज्याच्या त्याच्या मनाने. दुष्काळ हा एकच शब्द, एका नोंदीत शेवटी सिंगल ए, दुसरीत डबल ए, तिसरीत मधला एचच गायब. यावर उपाय म्हणजे रोमनमध्ये "दुष्का"पर्यंत टाइप करायचं आणि पुढे स्टार लावायचा, म्हणजे पहिल्या दोन्ही स्पेलिंगची एकदम येतात, एच नसलेलं मात्र वेगळं शोधावं लागतं. आणि एक जरी पुस्तक सापडलं तर त्याचा कॉल नंबर (पुस्तकाच्या पाठीवरचा विषयवार क्रमांक) लिहून घेऊन सरळ कपाटाकडे जायचं. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत दुष्काळ-अन्नपुरवठा ३६३.८ ला बसतो, गरिबी ३६२.५ ला, या दोन आकड्यांच्या आजूबाजूला मला जेवढं मिळालं तेवढं सर्चमध्ये कधीच नाही मिळालं.

एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सेवा, लॉगिन कॉलेजमार्फत मिळतं आणि घरूनही चालतं. हे मला आठ महिने कुणी सांगितलंच नाही, नोटीस बोर्डवर एक कागद लावला असता तरी चाललं असतं! ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली हे साप्ताहिक) त्यात आहे आणि आमच्या विषयाला तेवढ्यासाठीच लॉगिन घ्यावं असं मी म्हणेन. फक्त "एम्प्लॉयमेंट गॅरंटी" एवढंच टाकू नका, २००५ नंतरच्या मनरेगाच्या लेखांचा पूर येतो आणि आपली महाराष्ट्राची योजना, जिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा, ती खाली गाडली जाते. दोन्ही शब्द अवतरणचिन्हात, पुढे महाराष्ट्र, आणि वर्ष १९७२ ते २००४, एवढं केलं की यादी वाचण्याजोगी होते.

अजून एक गोष्ट, जी मला गाइड सरांमुळे कळली. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून राज्याच्या कायद्यांमधून "फॅमिन" हा शब्दच काढून टाकला, त्याजागी "स्कॅर्सिटी". म्हणजे लोक दुष्काळ म्हणतात, अभ्यासक ड्रॉट किंवा फॅमिन लिहितात आणि सरकारी कागदात असते टंचाई. मी महिनाभर फॅमिन टाकून सरकारी अहवाल शोधत बसले होते, स्कॅर्सिटी टाकल्यावर एका दुपारी अकरा सापडले.

शोधगंगेत पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत, फुकट, लॉगिनही लागत नाही. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते, मी आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघडते, त्यावरून प्रबंध वाचायचा की नाही ते लगेच कळतं. पण मराठी प्रबंधांच्या आत सर्च करायला गेलात तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. कित्येक प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, स्क्रीनवर स्वच्छ "रोजगार" दिसतं आणि तेच कॉपी करून पेस्ट केलं की भलतीच इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटतात. काही तर नुसते स्कॅन. डोळ्यांनीच पानं चाळावी लागतात, दुसरा मार्ग मला सापडला नाही.

सरकारी कॉलेजवाल्यांना जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत जवळपास १३,००० जर्नल्स मिळतात, त्यांनी ते आधी बघावं.

मार्क द्यायचे तर शोधगंगेला पाचपैकी चार, एन-लिस्टला साडेतीन, आमच्या ओपॅकला दोन, आणि ग्रंथपाल मॅडमना पाच. मी स्पेलिंगची अडचण सांगितल्यावर त्यांनी लगेच नोंद उघडून दाखवली, कोहात ८८० नंबरची फील्ड असते, त्यात तेच नाव देवनागरीत भरता येतं. आता शुक्रवारी दुपारी काउंटरला गर्दी नसते तेव्हा मी पुस्तकं काढून नावं वाचते आणि त्या टाइप करतात. दुष्काळाचा कप्पा झाला, चौतीस पुस्तकं. शेतीचा अजून बाकी आहे, तिथे दोनशेच्या आसपास असतील.