प्रोप्रॅनोलॉल : समूहात वाजवणाऱ्यांसाठी एक परीक्षण

कार्यक्रमापूर्वी हात थरथरतात आणि छाती धडधडते म्हणून जगभरातील अनेक वादक जी लहानशी गोळी घेतात, तिच्याविषयी उघडपणे फारच कमी बोलले जाते. प्रोप्रॅनोलॉल हे तिचे औषधी नाव. मी व्हायोलिनवादकांच्या समूहात वाजवते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने महत्त्वाच्या कार्यक्रमांपूर्वी ही गोळी घेत आले आहे. तिच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते ते बहुतेक एकल वादकाला समोर ठेवून लिहिलेले असते. शेजारी बसलेल्या माणसाच्या सुरात सूर मिसळायचा असतो तेव्हा ही गोळी काय करते आणि काय करत नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

हे औषध मुळात हृदयरोग्यांसाठी तयार झाले. स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात ते विकसित केले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, ते हृदयातील आणि स्नायूंमधील बीटा ग्राहकांवर, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील जागांवर, काम करते, परिणामी नाडी वेगाने चालू लागते आणि बोटांची एरवी न जाणवणारी बारीक थरथर दिसण्याइतकी वाढते. प्रोप्रॅनोलॉल हेच ग्राहक अडवून धरते. याच वर्गातील ऑक्सप्रेनोलॉल या औषधाचा तंतुवाद्य वादकांवरील प्रयोग १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात रंगमंचावरील भीतीची शारीरिक लक्षणे कमी होऊन वादन सुधारल्याचे आढळले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील सिम्फनी व ऑपेरा वादकांच्या संघटनेने घेतलेल्या पाहणीत २,२१२ वादकांपैकी २७ टक्क्यांनी अशी औषधे वापरत असल्याचे सांगितले होते, म्हणजे हा कोणा दोन-चार घाबरट माणसांचा विषय नाही.

माझ्या अनुभवात या गोळीचा सर्वांत मोठा उपयोग मंद, लांब स्वरांच्या वेळी होतो. जलद तुकड्यांत थरथर झाकली जाते. पण सगळा समूह अगदी हळू आवाजात एकच स्वर धरून असतो, तेव्हा एका गजाचा कंपही त्या स्वराचा पोत बिघडवतो आणि शेजारच्या वादकाला तो लगेच जाणवतो. गोळी घेतल्यावर गज तारेवर शांतपणे टेकतो. दुसरा उपयोग लयीचा आहे, आणि त्याची मला आधी कल्पना नव्हती. आपलेच काळीज धावत असले की बरोबर चाललेली लय संथ वाटू लागते, आपण नकळत पुढे ओढतो आणि आपल्यामुळे मागची सगळी ओळ ओढली जाते. नाडी ताळ्यावर राहिली की समूहाची लय जशी आहे तशी ऐकू येते, आणि स्वतःच्या हाताकडे लागलेले लक्ष मोकळे होऊन दुसऱ्यांच्या वादनाकडे जाते. समूहवादनाचा गाभा ऐकण्यात आहे, म्हणून मी या एका गुणासाठी तिला भरघोस गुण देईन.

तिची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. ही गोळी मनातली काळजी घालवत नाही. ‘माझी जागा चुकेल’ हा विचार गोळी घेऊनही येतोच. फक्त त्या विचाराला शरीराची साथ मिळत नाही. अपुरी तालीम, न वाचलेली पाने किंवा सहवादकांशी असलेला अबोला यांवर तिचा काहीही इलाज नाही. शिवाय मात्रा थोडी जास्त झाली तर वादन नेटके पण कोमट होते. चार-पाच जणांच्या लहान गटात एकाची ऊर्जा दुसरा उचलत असतो, आणि तिथे मला हा कोमटपणा विशेष खटकला. मोठ्या वाद्यवृंदात तो तितका जाणवत नाही. हातपाय गार पडणे हाही तिचा ज्ञात दुष्परिणाम आहे. ज्यांची बोटे भीतीने आधीच थंड पडतात, त्यांनी तो गांभीर्याने घ्यावा, कारण न थरथरणारे पण बधिर बोट तारेवर फारसे कामाचे नसते.

परिणाम साधारण तासाभरात जाणवू लागतो आणि काही तास टिकतो. अशा प्रसंगासाठी डॉक्टर सहसा १० ते ४० मिलिग्रॅमची एकच मात्रा देतात, पण कोणाला किती हे त्यांनीच ठरवायचे असते. पहिली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी कधीही घेऊ नये. आधी एखाद्या पूर्ण तालमीत घेऊन चक्कर येते का, थकवा वाटतो का, एकत्र सुरुवात करताना आपण मागे राहतो का, हे पाहावे, आणि हे तपासायला घरातला एकट्याचा सराव पुरेसा नाही.

आता आजारपणाविषयी, कारण इथेच गफलत होते. भीतीमुळे पोटात ढवळणे, घाम, अंग गळल्यासारखे वाटणे हे सगळे आजारासारखेच भासते, आणि खरा आजारही कधी कधी ‘नुसती भीती’ म्हणून झटकला जातो. ताप असताना किंवा उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असताना हृदय मुद्दाम वेगाने चालत असते. ती शरीराची गरज असते. त्या वेळी ही गोळी घेऊन नाडी दाबून ठेवली तर रक्तदाब घसरून मंचावरच भोवळ येऊ शकते. बसलेला घसा किंवा सर्दी यांवर ती काहीच करत नाही, त्यामुळे सहगायनातील आजारी गायकाने तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. आजारी असताना वाजवायचेच असेल तर संचालकांना आधी सांगून अवघड भाग शेजाऱ्याकडे सोपवणे हा मला कोणत्याही गोळीपेक्षा प्रामाणिक उपाय वाटतो. साथीचा ताप असेल तर घरी थांबणेच योग्य, कारण तालमीच्या बंद खोलीत सगळे एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर बसलेले असतात.

दमा असलेल्यांनी हे औषध घेऊ नये, कारण ते श्वासनलिका आवळू शकते; बासरी, क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणाऱ्यांनी लहानपणीचा दमाही डॉक्टरांपासून लपवू नये. मंद नाडी, कमी रक्तदाब आणि हृदयाचे काही विकार असलेल्यांनाही ते वर्ज्य आहे. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ही लक्षणे ते झाकून टाकते. विंगेत सहवादकाने सहज पुढे केलेली गोळी प्रेमाने नाकारावी असे मी कळकळीने सांगते ते यामुळेच; ज्याला ती मानवली त्याची प्रकृती आणि आपली प्रकृती एक नसते.

माझ्यापुरते म्हणाल तर हातातील थरथर ज्यांच्या वादनाच्या आड येते, ज्यांची तयारी पुरेशी आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आहे, अशा तंतुवादकांना मी ही गोळी नक्की सुचवेन. लहान गटांसाठी मात्र कमीत कमी मात्रेचाच आग्रह धरेन, आणि नेहमीच्या साध्या कार्यक्रमांना ती मी स्वतः घेत नाही.