नौदलाचा जहाजकोश: बॉयलररूममधल्या माणसाला कितपत उपयोगी?

‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन नेव्हल फायटिंग शिप्स’ हा अमेरिकन नौदलाचा जहाजकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो. शेजारचे आजोबा १९६०च्या दशकात गियरिंग वर्गाच्या एका विनाशिकेवर बॉयलर सांभाळायचे. आता त्यांच्या फुप्फुसाच्या आवरणावर अॅस्बेस्टॉसचे चट्टे दिसलेत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, म्हणजे व्हेटरन्स अफेअर्सकडे, भरपाईचा दावा करायचा, म्हणून आम्ही दोघांनी हा कोश बारकाईने वाचला.

जहाज कधी बांधलं, कुठे लढलं, हे सगळं त्यात आहे. पण आजोबांसारख्यांनी लढायांपेक्षा गोदीच्या नोंदी आधी शोधाव्यात. जहाज अमुक महिन्यात ओव्हरहॉलला गेलं, एवढी एक ओळसुद्धा लाखमोलाची. या विनाशिकांमध्ये वाफेचा दाब दर चौरस इंचाला ६०० पौंड आणि तापमान ८५० अंश फॅरनहाइट. ती उष्णता धरून ठेवायला प्रत्येक पाइपवर अॅस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे जाड आवरण. गॅस्केटमध्ये तेच, पंपाच्या पॅकिंगमध्येही तेच. दुरुस्तीत ते लॅगिंग करवतीने कापून काढायचे आणि बंद जागेत पांढरी धूळ तरंगत राहायची. आजोबा सांगतात, तोफा सुटल्या की झोपायच्या बंकवरच्या पाइपांवरूनही ती अंगावर झडायची. ऐकताना माझ्याच छातीत कालवलं.

कोशात माणसांचा हिशेब नाही, तो जहाजांचा इतिहास आहे. शिवाय मूळ खंड जहाजांच्या नावांच्या अक्षरक्रमाने १९५९ ते १९८१ दरम्यान छापले गेले. त्यामुळे सुरुवातीच्या अक्षरांच्या काही जहाजांची नोंद त्यांच्या नोकरीच्या मध्येच संपते. तिथून पुढे अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली डेक लॉग, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवह्या, बघावी लागतात.

खरं वजन पडतं ते माणसाच्या सर्व्हिस रेकॉर्डला. १९७३ साली सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागली, त्यात लष्कराच्या आणि हवाई दलाच्या लाखो फायली जळाल्या; नौदलाच्या वाचल्या, हे केवढं भाग्य! त्या फायलीत हुद्दा असतो, आणि बॉयलररूमचा हुद्दा व्हेटरन्स अफेअर्सच्या यादीत अॅस्बेस्टॉसची शक्यता सर्वाधिक असलेल्या गटात येतो.

सुरुवात करायला कोश उत्तम, मी पाचपैकी चार तारे देईन. त्यावर एकट्यावर मात्र दावा उभा राहत नाही. गोदीच्या तारखा, हुद्दा आणि डॉक्टरांचं निदान एकाच फायलीत लावा. मेसोथेलिओमा, म्हणजे अॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, २० ते ५० वर्षांनीही डोकं वर काढतो, तेव्हा त्रास नसला तरी छातीच्या डॉक्टरांना जहाजावरच्या नोकरीबद्दल आपणहून सांगा.