दहा रविवारांचा ‘समाजशास्त्राची ओळख’ वर्ग, सातारा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २०११ च्या जनगणनेला माझी ड्युटी होती. भावकीतल्या दोन सख्ख्या भावांची मी दोन कुटुंबं लिहिली, कारण नियमच तसा: एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. नोंद चोख होती, पण मनाला पटली नव्हती. ती रुखरुख या वर्गात सुटली.

शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त प्राध्यापिका. ऑगस्त काँतने या शास्त्राला नाव दिलं, एवढं सांगून त्या थेट फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमवर आल्या. आत्महत्या म्हणजे माणसाची सगळ्यात खासगी गोष्ट. पण १८९७ च्या ग्रंथात त्याने सरकारी आकडे मांडून दाखवलं, की प्रत्येक समाजातलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही, आणि कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत ते जास्त दिसतं. एकेकट्या माणसाच्या दुःखातून याचा उलगडा होत नाही, माणसं एकमेकांशी किती बांधलेली आहेत ते बघावं लागतं. वर्गात चिडीचूप झालं होतं.

कुटुंबाच्या तासाला आय. पी. देसाईंचा गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास आला. चुली वेगळ्या झाल्या म्हणजे कुटुंब फुटलंच असं नाही. जमीनजुमला, पैशाची देवघेव, अडीनडीची जबाबदारी हेही बघायचं. मग गृहपाठ: ओळखीच्या दोन घरांत आठवडाभर काय काय ये-जा करतं ते टिपून ठेवा.

मी त्याच दोन भावांची घरं घेतली. सोमवारी लसणाच्या चटणीची वाटी गेली, परत येताना तिच्यात गूळ होता. बुधवारी धाकट्याची गाडी थोरल्याच्या सुनेला दवाखान्यात घेऊन गेली. शुक्रवारी सिलिंडर. थोरल्याच्या मुलीच्या नर्सिंगची अर्धी फी धाकटा भरतो, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. सातबारा अजून सामाईकच आहे. सासूबाईंनी वही वाचली आणि म्हणाल्या, “अगं, पोरांची आंघोळ कुठल्या मोरीत होते ते राहिलं की लिहायचं!”

जातीला दोन रविवार दिले, ते योग्यच झालं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली अभ्यासासाठी म्हैसूरजवळच्या एका गावात जाऊन राहिले, त्यांचे गुरू घुर्ये आपल्या मालवणचे, हे ऐकून बरं वाटलं. मार्क्स आणि वेबर मात्र एकाच रविवारी उरकले, ते अजिबात पचलं नाही. नोट्सच्या झेरॉक्स इंग्रजीत होत्या. निम्मा वर्ग मराठी माध्यमाचा असताना हे व्हायला नको होतं. इरावती कर्व्यांचं मराठी लेखन हाताशी असताना तर नाहीच.

फी पंधराशे, अजिबात जास्त नाही. वेळ सकाळी दहाची होती, म्हणजे बायकांच्या ऐन स्वयंपाकाची. आम्ही चौघींनी सांगितल्यावर तिसऱ्या रविवारपासून दुपारी चारची केली. पुढच्या तुकडीलाही चारचीच ठेवा. मी जावेचं नाव दिलंय.