फोंड्यातले केटरर: जेवणाला पाच तारे, अधिवेशनाला विचारू नका

पक्षाचे एकदिवसीय अधिवेशन गोव्यातल्या फोंड्याला झाले, विषय ‘नवी उभारी’. जेवणखाण माझ्या गळ्यात पडले होते. केटरर ओळखीतून मिळाले. खतखते, म्हणजे आपली मिश्र भाजी, अव्वल! सुरण, नीरफणस, तोर सगळे जागच्या जागी, आणि तेफळांचा वास थेट व्यासपीठापर्यंत. मुगागाठी (मोडाच्या मुगांची भाजी) जरा गळल्या होत्या, पण तो दोष भाषणांचा. एकचे जेवण अडीचला वाढले तर दुसरे काय होणार? ज्येष्ठ वक्ते गोव्याच्या १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांपासून सुरू झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या १९६७ च्या जनमत कौलाशी पोचेतो केटररने न विचारता चहा-भजी फिरवली. याला म्हणतात प्रसंगावधान.

‘तरुणांना संधी’चा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. व्यासपीठावर चाळिशीच्या आतले कोणी नव्हते, ते जाऊ दे. वाढपी मात्र सगळे कॉलेजचे. त्यातल्या एका मुलीने विचारले, “काकी, सदस्य व्हायचे तर फॉर्म कोणाकडे?” मी तिघांना विचारले. फॉर्म कोणी आणलेच नव्हते.

सोलकढी थोडी पाणचट. ताटे स्टीलची, स्वच्छ. अर्धे पैसे आगाऊ घेतात, पावती लगेच देतात.