बाससाठी ल्युअर आणि वासाची जेल: टेक्सासमध्ये एक हंगाम वापरल्यावर

फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत डॅलसच्या आसपास लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी बरीच ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषं, वापरून झाली. त्यातलं पुन्हा काय घेईन आणि काय नाही, ते लिहितोय. ठिकाणं मुख्यतः लेक फोर्क आणि लेक रे रॉबर्ट्स, कधी काठावरून तर कधी कयाकमधून.

माझं मत आधीच सांगतो. वासावर पैसे घालायचेच असतील तर सावकाश खेळवायच्या आमिषांवर घाला. कॅटफिश वासाचा माग काढत येतो, बास तसा येत नाही. तो डोळ्यांनी आणि अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणाऱ्या कंपनांनी शिकार हेरतो. वासाचं, खरं तर चवीचं, काम त्याने आमिष तोंडात घेतल्यावर सुरू होतं. रबर नुसतंच असेल तर तो पटकन थुंकतो, चव लागली तर थोडा जास्त वेळ धरतो. तेवढ्यात काठी ओढायची.

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी १३ ते १५ अंश सेल्सिअसला आलं की, लाल रंगाचा लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक आमिष) हायड्रिला या पाणवनस्पतीत अडकवून झटक्याने सोडवायचा असतो तेव्हा जेल लावणं म्हणजे पैसे पाण्यात. मासा तिथे विचार करत नाही, झडप घालतो.

सगळ्यात जास्त वापरला तो गॅरी यामामोटोचा ५ इंची सेंको, म्हणजे गांडुळासारखं मऊ प्लास्टिकचं आमिष, मधोमध गळ अडकवून, म्हणजे वॅकी रिग. त्यात ठासून मीठ असतं. चवीसाठी असतं म्हणतात, पण मला ते वजनासाठी जास्त मोलाचं वाटतं: शिसं न लावताही तो बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. अंगाने मात्र नाजूक, एक-दोन माशांत फाटतो. मधे रबरी ओ-रिंग चढवून गळ तिच्याखालून घातला तर बराच टिकतो.

झेड-मॅनच्या आमिषांचं इलाझटेक हे मटेरियल याच्या अगदी उलट. ताणलं तरी तुटत नाही आणि तरंगतं, त्यामुळे नेड रिगवर, म्हणजे छोट्या वजनदार डोक्याच्या गळावर, तळाशी शेपूट वर करून उभं राहतं. ते साध्या मऊ प्लास्टिकच्या आमिषांबरोबर एका डब्यात ठेवू नका, दोन्ही विरघळून लगदा होतो. बर्कलीचं मॅक्ससेंट हे वासाचं मऊ आमिष नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा पाण्यात वास जास्त सोडतं. थंड पाण्यात, मासा सुस्त असताना, माझी पहिली पसंती त्यालाच. पाकीट मात्र घट्ट बंद ठेवायचं. उघड्यावर ते वाळून कडक होतं.

वरून लावायच्या जेल आणि तेलांत लसूण की क्रॉफिश (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा प्राणी), या वादात मला काही फरक दिसला नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे वास लांब पसरण्याची आशा नको. दाट जेल निदान आमिषाला चिकटून राहते. एक उपयोग मात्र खरा: हाताला लागलेल्या सनस्क्रीनचा वास झाकला जातो. डासांच्या मलमातलं डीट तर मऊ प्लास्टिकच खातं, ते लावलं की हात धुऊनच आमिषाला हात लावा. लसणाच्या जेलचा वास गाडीत इतका मुरतो की बायको परतीच्या वाटेवर काच खाली करून बसते. घरात सुकट भाजताना हीच बाई हूं की चूं करत नाही!

रंगांचा फार घोळ घालू नका. निवळ पाण्यात ग्रीन पंपकिन, पावसाने गढूळ झालं की काळा-निळा. उन्हाळ्यात बास शॅड या छोट्या माशांच्या थव्यांमागे असतो तेव्हा पांढरा किंवा चंदेरी. डब्यातले बाकीचे रंग दुकानदाराच्या सोयीचे.

वासाच्या आमिषाचा एक तोटा जाहिरातीत येत नाही. मासा जास्त वेळ धरतो म्हणजे कधी कधी गिळतोही, वॅकी रिगवर विशेष. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. राज्याचा १८.१८ पौंडांचा विक्रमी बास १९९२ साली याच तलावात मिळाला होता, त्यामुळे हा नियम जाचक वाटत नाही. पण घशात गळ रुतलेला मासा सोडून काय उपयोग? म्हणून दोरी जराशी बाजूला सरकली की लगेच ओढतो, आणि गळ खोल गेलाच तर उचकत न बसता दोरी जवळून कापतो.