हिरा खाणीतला घ्यावा की लॅबमधला?

हिरा घ्यायचं ठरलं की हल्ली आकार आणि रंगाच्याही आधी प्रश्न येतो, "नॅचरल की लॅबग्रोन?" आणि त्यापाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, "पण लॅबचा म्हणजे खोटाच ना?" याचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हिराच असतो. दोन्हींमध्ये कार्बनचे अणू त्याच रचनेत बसलेले असतात, दोन्हींचा कठीणपणा मोहस मापावर, म्हणजे कठीणपणाच्या १ ते १० अशा मोजपट्टीवर, १० आणि दोन्हींचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, २.४२. खोटं म्हणायचंच तर क्युबिक झिर्कोनियाला म्हणा, ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो. तो पदार्थच वेगळा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने तर २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्दच काढून टाकला.

मी दोन खडे शेजारी ठेवून पाहिले आहेत. दोन्ही गोल, एकेक कॅरेटचे, घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर. नुसत्या डोळ्यांना काहीच कळेना. दहापट भिंग लावून खडा कडेवर फिरवला, तेव्हा कमरेच्या पट्टीवर, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद कडेवर, लेसरने कोरलेली बारीक अक्षरं दिसली. एकावर नुसता प्रमाणपत्राचा क्रमांक, दुसऱ्यावर क्रमांकासोबत 'लॅबग्रोन'. ती अक्षरं नसती तर कोणता कुठला हे मला सांगता आलं नसतं. म्हणून "आम्ही बघून ओळखतो" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. टोक टेकवल्यावर वाजणारं छोटं यंत्रही इथे कामाचं नाही. ते खड्यातून उष्णता किती झपाट्याने पसरते ते मोजतं, आणि त्या बाबतीत दोन्ही हिरे सारखेच. घणाचे घाव सोसतो तो खरा हिरा, ही तर अगदी महागात पडणारी समजूत. हिऱ्यावर सहजी ओरखडा उठत नाही, पण ठरावीक दिशेने जोरात बसलेल्या घावाने तो दुभंगतो. मग तो खाणीतला असो वा यंत्रातला.

फरक आहे तो जन्माचा. नैसर्गिक हिरा जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटरवर तयार होतो. बहुतेकांचं वय १०० कोटी वर्षांहून जास्त, आणि तो वर येतो किंबरलाइट नावाच्या खडकाच्या ज्वालामुखी उद्रेकातून. प्रयोगशाळेत हेच काम काही आठवड्यांत उरकतं. एक पद्धत एचपीएचटी: प्रचंड दाब, १३०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान आणि वितळलेल्या धातूत विरघळलेला कार्बन. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात याच मार्गाने हिरा बनला. दुसरी सीव्हीडी: निर्वात कक्षात हिऱ्याची पातळ चकती ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) पेटवायचा, की कार्बन थरावर थर बसत जातो.

हा वेगच पुढे चुगली करतो. मला या सगळ्यात सर्वांत भावलेली गोष्ट नायट्रोजनची आहे. नैसर्गिक हिऱ्यात शिरलेले नायट्रोजनचे सुटे अणू पृथ्वीच्या पोटात, त्या उष्णतेत, अतिशय संथपणे सरकत एकमेकांजवळ येतात आणि त्यांचे पुंजके बनतात. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांमध्ये हे पुंजके सापडतात. काही आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्याला तेवढी सवडच मिळालेली नसते. हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले वर्णपटमापक, म्हणजे खडा कोणता प्रकाश शोषतो ते मोजणारी यंत्रं, नेमकं हे टिपतात. शिवाय अतिनील प्रकाशात खड्याच्या वाढीची नक्षी उजळते. ती दोन्हींत वेगळी असते.

आता पैशांकडे येऊ, कारण निर्णय बहुधा इथेच अडतो. दहा वर्षांपूर्वी लॅबग्रोन हिरा नैसर्गिकपेक्षा थोडाच स्वस्त होता. आज तशाच प्रतीचा खडा बरेचदा पाचव्या हिश्शाहूनही कमी भावात मिळतो. घसरणीमागचं कारण सरळ आहे: यंत्रं वाढली की माल वाढतो. नैसर्गिक हिऱ्यात मोठा खडा दुर्मीळ, म्हणून वजन दुप्पट झालं की किंमत दुपटीच्या बरीच पुढे जाते. यंत्राला ही अडचण तेवढी नाही. खाणीतल्या हिऱ्यांची बडी कंपनी डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स हा लॅबग्रोनचा ब्रँड काढला तेव्हा भाव थेट प्रति कॅरेट एकच लावला होता, आणि २०२५ मध्ये तो ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

"म्हणजे नैसर्गिक घेतला तर पैसे सुरक्षित?" असं विचारणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तसंही धरून चालू नका. २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्याचेही भाव उतरले आहेत. शिवाय तुम्ही किरकोळ भावाने घेता आणि विकायला गेलात की घाऊक भावाच्याही खाली मागणी येते. सोन्यासारखा त्याचा रोजचा ठरलेला दर नसतो. लॅबग्रोन विकायला गेलात तर हाती जवळपास काहीच येत नाही, नैसर्गिक विकलात तर काही तरी येतं, एवढाच फरक. दागिना मोडायची वेळ येईल अशी शंका असेल तर कोणत्याच हिऱ्यात पैसा घालू नका.

नीतीचा मुद्दा दोन्ही बाजूंनी फार सोपा करून सांगितला जातो. बंडखोरांच्या लढायांना पैसा पुरवणारे हिरे रोखण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रोसेस ही आंतरराष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था लागू आहे. पण अशा हिऱ्यांची तिची व्याख्या अरुंद आहे. मजुरांचे हाल, खाणीभोवतीची जमीन, यांची हमी ती देत नाही. उलट बोट्स्वानासारख्या देशाची उभारणी बऱ्याच अंशी हिऱ्यांच्या उत्पन्नावर झाली, हेही खरं. लॅबग्रोनच्या जाहिरातीत 'पर्यावरणस्नेही' हा शब्द हमखास असतो, पण यंत्रं वीज भरपूर खातात. ती वीज कोळशाची असेल तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. तेव्हा खाण कुठली आणि वीज कुठली, हे विचारा. उत्तर देणारा विक्रेता निवडा.

माझं मत विचाराल तर, हातात चकाकणारा सुंदर खडा हवा असेल आणि तो विकायचा नसेल, तर लॅबग्रोन घ्या. पण वाचलेले पैसे आकारावर उधळू नका. चकाकी येते ती पैलूंच्या मापांतून. मापं चुकलेला दोन कॅरेटचा खडा नेटक्या एक कॅरेटपुढे मलूल दिसतो. सीव्हीडीच्या खड्यात तपकिरी झाक किंवा दुधट धूसरपणा नाही ना, आणि एचपीएचटीच्या खड्यात निळसर छटा नाही ना, हे दुकानाच्या झगझगीत दिव्यांपासून दूर, खिडकीच्या उजेडात बघा. प्रमाणपत्रावर हे दोष नेहमी लिहिलेले नसतात.

आणि जमिनीच्या पोटात घडलेला तो काळ आपल्या बोटावर असावा, असं मनापासून वाटत असेल तर नैसर्गिकच घ्या, लहान घ्या. ही ओढ खरी आहे, तिची कुणापुढे सफाई द्यायची गरज नाही. एक कॅरेट पुरा करण्याचा हट्ट मात्र सोडा. ०.९५ कॅरेटचा गोल खडा व्यासाला जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी भरतो, पण पूर्ण आकड्याशी भाव उडी घेतो.

कोणताही घ्या, बिलावर 'नैसर्गिक' किंवा 'लॅबग्रोन' हा शब्द लिहून घ्या आणि प्रमाणपत्राचा क्रमांक भिंगाखाली खड्याशी ताडून बघा. मुख्य खड्याभोवतीच्या बारीक हिऱ्यांबद्दलही विचारा. प्रत्येक बारीक खड्याला प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे मिसळ व्हायची ती तिथेच होते. ते कोणत्या यंत्रावर तपासले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत वेगळे निघाले तर दुकान दागिना परत घेईल का, हेही त्याच बिलावर उतरवून घ्या.