आनंदवल्ली की म्हसरूळ? नाशकात घर घेण्याआधी

१९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली आणि आजूबाजूची कितीतरी गावं शहरात आली. घर शोधणाऱ्यांच्या यादीत त्यातली ही दोन हमखास असतात. दोन्हींचा बाज मात्र पार वेगळा आहे.

आनंदवल्ली गंगापूर रोडला. राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या मुक्कामाचं हे गाव, नदीकाठी नवश्या गणपती. आता शाळा, दवाखाने, दुकानं सगळं हाताशी, सातपूर एमआयडीसीही जवळ. त्यामुळे भाव चढेच.

खरा प्रश्न गोदावरीचा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी शहरात शिरण्याआधी याच पट्ट्यातून जातं. २००८, २०१६, २०१९ चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. तेव्हा गॅलरीतून नदी दिसते म्हणून लगेच टोकन देऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी राखलीय ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा, पूररेषा नेमकी कुठून जाते ते विचारा. पूररेषा दोन असतात: नदीजवळची निळी, जिच्या आत बांधकामाला मनाई, आणि तिच्यापलीकडची, मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतली जागा कितीही स्वस्त मिळाली तरी नकोच. निळ्या आणि लाल रेषेच्या मधली असेल तर जोतं किती उंच घेतलंय ते स्वतः जाऊन बघा, आणि पार्किंग तळघरात असेल तर सरळ पुढची इमारत बघा.

म्हसरूळ दिंडोरी रोडला, चामरलेणीच्या डोंगराकडे. गजपंथचं जैन तीर्थ, आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच बाजूला. गोदेच्या पुराची धास्ती नाही, त्याच पैशात एखादी खोली जास्त मिळते आणि गावठाणात गावपण अजून टिकून आहे. मला स्वतःला हे फार मोलाचं वाटतं. आई-वडील सोबत राहणार असतील तर मी म्हसरूळच सुचवेन.

अडचण रस्त्याची. सातपूरला किंवा नाशिकरोड स्टेशनला जायचं तर पंचवटीची गर्दी आणि नदी ओलांडणं आलं. २०२७ च्या सिंहस्थात ती गर्दी किती वाढेल ते वेगळं सांगायला नको.

सातपूरला नोकरी असेल तर आनंदवल्लीच घ्या, पण गंगापूर रोडच्या सातपूरकडच्या, म्हणजे नदीपासून लांबच्या अंगाला. म्हसरूळचा फ्लॅट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा रस्ता मोकळा असतो. कामाच्या दिवशी सकाळी नऊला तिथून निघून पंचवटीतल्या निमाणी बसस्थानकामार्गे ऑफिस गाठून बघा, मगच व्यवहाराचं बोला.